डाव्या हाताची माती

डॉक्टरांनी विचारलं ते अगदी सहज, आईच्या डोळ्यात बॅटरीचा उजेड टाकता टाकता. "आजी, जवळचं काय काम करता? निवडणं-टिपणं, शिवण? पुढं चष्मा द्यायचाय, त्या बेतानं देतो." पुष्पाचं तोंड उघडलंच होतं. 'घरकाम' हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता. असे शब्द तिच्याकडे नेहमी तयार असत. दीपनगरच्या कॉलनीत आठ वर्षं राहून ती ते शिकली होती. पण त्याआधीच आईनं हनुवटी त्या लोखंडी टेकूवरून उचलली आणि जळगावच्या त्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी चिलमी घडस." डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय करता?" "चिलमी. मातीन्या चिलमी. चाकवर." डॉक्टर हसले, म्हणाले, "अरे वा," आणि बॅटरी दुसऱ्या डोळ्याकडे नेली. त्यांच्या दृष्टीनं तिथं विषय संपला. पुष्पाच्या दृष्टीनं मात्र नाही. कोणी ऐकलं का म्हणून तिनं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं, आणि असतं तरी जळगावात कुणाला काय पडलं होतं! पण तिची मान वळायची ती वळलीच.

बाहेर बाकावर आई डोळ्यांत औषध घालून, मान मागे टाकून बसली. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागणार होता. पुष्पा शेजारी बसली आणि आईच्या हातांकडे बघत राहिली. नखांच्या कडेला माती होती. वाळलेली, पांढुरकी, या आठवड्यातली माती. आपण कालच तिला पारोळ्याहून घेऊन आलो, एसटीत दोन तास तिचा हात हातात होता, आणि आपल्याला ही माती दिसली नाही? मोतीबिंदू नक्की कुणाला झालाय? आबा जाऊन वर्ष होत आलं होतं. आबांबरोबर चाक थांबलं असं तिनं धरून टाकलं होतं, धरलं होतं म्हणजे विचारलंच नव्हतं. मधे दोनदा ती माहेरी गेली तेव्हा आतल्या खोलीला कडी होती, आणि वडील गेलेल्या घरात एखाद्या खोलीला कडी असते यात तिला काही वावगं वाटलं नाही. आई 'घडत होते' म्हणाली नव्हती. 'घडस' म्हणाली होती. म्हणजे आज. म्हणजे अजून. आणि या दोन्हीपेक्षा जास्त खुपत होतं ते निराळंच: गुपित तिघांचं होतं. आबा गेल्यावर ते दोघींचं झालं. पुष्पानं ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि आईनं ते एका परक्या माणसाला, त्यानं बॅटरी दाखवली म्हणून, देऊन टाकलं. पुष्पाला राग आला. मग रागाची लाज वाटली. लाज ओसरली तरी राग तिथंच होता.

चिलमीचं हे घर मुळात भांडणातून उभं राहिलं होतं. पुष्पाचे आजोबा, आधारबाबा, धुळ्याचे. तिथल्या कुंभारवाड्यात भावांचा मडक्या-रांजणांचा मोठा पसारा होता, आणि आधारबाबाला नाद चिलमीचा. थोरला भाऊ म्हणाला, "ज्यात पाणी रहात नाही ते भांडं कसलं?" त्यावर आधारबाबा म्हणाले म्हणे, "मडकं एका घरात बसून रहातं. चिलीम चार हातांतून फिरते." एवढ्यावरून वाटण्या झाल्या. एक गाढव, एक चाक आणि बायको घेऊन आधारबाबा पारोळ्याला आले, बोरी नदीकाठची माती हुंगली आणि राहिले. त्यांची चिलीम बुटकी, तोंडाशी रुंद, गळ्याशी तीन वळ्या. बोरीची माती चाळून, तिच्यात राख आणि घोड्याची लीद कालवून, ती गव्हाच्या कणकेसारखी तिंबायची. चाकावर एका मोठ्या गोळ्यातून एकामागून एक चिलीम उचलायची, ओली असतानाच बोरूच्या काडीनं मधून भोक न्यायचं, दोऱ्यानं कापायची. सावलीत वाळली की गेरू, मग शिंपल्यानं घोटणं, मग कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर आवा, म्हणजे भट्टी. शेतकरी, गोसावी, रानात मेंढरं नेणारे ठेलारी, सारंगखेड्याच्या जत्रेतले घोड्यांचे व्यापारी, सगळ्यांच्या कंबरेला पारोळ्याची चिलीम असायची. पुढं बिडी आली आणि बिडीनं चिलीम खाल्ली. कुंभारवाड्यातल्या बाकीच्यांनी हात आवरला. आबांचे धाकटे भाऊ जीवरामकाका, भिंतीला भिंत लागून रहाणारे, तेही विटा आणि माठांकडे वळले. आबांनी, म्हणजे पितांबर कुंभारानं, मात्र चिलीम सोडली नाही. पुष्पाला आठवतात ते आबा चिलमीचं रुंद तोंड तळव्यानं झाकून, बारीक टोकातून हवा ओढून बघणारे. गाल आत जायचे, डोळे मिटायचे. ओढ बरोबर असली की म्हणायचे, "जित्ती शे." नसली की काही न बोलता ती परत मातीत टाकायचे. जित्ती आणि मेली, असे दोनच प्रकार त्यांच्या जगात होते.

एक्याऐंशी सालच्या पावसाळ्यात आबांचा उजवा हात मेला. सकाळी उठले तर तो हात अंथरुणावरच राहिला, असं ते नंतर सांगायचे, जणू हात म्हणजे घोंगडी होती. तोंड थोडं वाकडं झालं, ते महिन्याभरात सरळ झालं. पाय वाचला. हात आला नाही. पुष्पा तेव्हा मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसलेली. त्या दिवसांतलं तिला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर शांतता. चाकाची घरघर त्या घरात छपरासारखी होती. ती गेल्यावर सगळं उघडं पडलं. आबा चाकाशी जाऊन बसायचे. डाव्या हातानं एकट्यानं करून बघायचे. गोळा वर यायचा, डगमगायचा, आडवा व्हायचा. पुन्हा. पुन्हा. एका दुपारी पुष्पा दारातून बघत होती. आई माती तिंबत होती, आबा चाकाशी. गोळा पडला. आबांनी तो उचलला नाही. नुसते बघत राहिले. आई उठली, हात पुसले, बाहेरचं दार लावलं, पुष्पाला आत घेऊन आतलं लावलं. मग म्हणाली, "तुम्ही चाक फिरावा. मी बठस."

हे वाक्य किती मोठं होतं ते कुंभारवाड्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बाईनं माती आणावी, तुडवावी, चाळावी, चिलीम घोटून घोटून तिला आरशासारखं करावं, आव्याला जाळ द्यावा. पण चाक म्हणजे महादेव. त्याला बाईचा हात लागला तर घराण्याचं वाटोळं, असं पुष्पाच्या आजीनं आईला लग्न होऊन आल्याच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि आईनं वीस वर्षं त्या चाकाला वळसा घालून केर काढला होता. आबा तिच्याकडे बघत राहिले. पुष्पाला वाटलं आता ते ओरडतील. आबा उठले, पलीकडे जाऊन बसले, डाव्या हातात काठी घेतली, चाकाच्या खाचेत घातली. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीकडे बघत त्यांनी चाक फिरवलं. आईनं बोटं पाण्यात बुडवली. पहिली चिलीम झाली ती चिलीम नव्हतीच, वांगं होतं. दुसरीही. तिसऱ्या वेळी आबांचं तोंड भिंतीकडेच होतं, पण ते म्हणाले, "अंगठा आत." न बघता! चाकाच्या आवाजावरून त्यांना माती कुठं दाटली ते समजत होतं. "दाबू नको. तिले वर येऊ दे." संध्याकाळपर्यंत ते आईकडे वळून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुष्पानं आधी कधी पाहिलं नव्हतं. एखादी गोष्ट आपली असून आपली नाही, आणि तरी आपलीच, असं काहीतरी. तिच्या मनात त्या क्षणी आलं की आपण इथून निघून जावं, हे बघणं बरोबर नाही. आणि ती हलली नाही.

मग ते सुरू झालं. दुपारची जेवणं झाली, वाडा कलंडला, की आतल्या खोलीचं दार लागायचं. आबांच्या डाव्या हाताची काठी, आईची दहा बोटं. पुष्पाचं काम ओट्यावर. समोर वाळत घातलेल्या चिलमी, हातात शिंपला, घोटत बसायचं. आणि कोणी वाड्यात शिरताना दिसलं की मोठ्यांदा म्हणायचं, "या काका, बसा! या मामी, बसा!" हा आवाज आत गेला की चाक मंद व्हायचं. तिला आठवलं आणि बाकावर बसल्या बसल्या हसू आलं. दीपनगरात तिच्या घराची बेल वाजली की ती अजून तशीच ओरडते, "या, बसा!", बंद दाराआडून, कोण आहे ते न बघता. शेजारच्या प्रमिलाबाई तिची नक्कल करून दाखवतात. पुष्पा त्यांच्याबरोबर हसते. हा आवाज आपल्या गळ्यात कुठून आला ते तिला ठाऊक आहे, आणि ते तिचं एकटीचं धन होतं. आजपर्यंत.

आबांनी गावाला सांगितलं, डावा हात शिकवला. लोकांना नवल वाटलं, पण विश्वास बसला. पितांबर हट्टी म्हणून सगळ्यांना ठाऊक होताच. आणि बाहेर जायच्या आधी एक गोष्ट रोज व्हायची. आबा उंबऱ्याशी थांबायचे, डावा हात पुढं करायचे. आई आपल्या हाताची ओली माती त्यांच्या बोटांना लावायची. बोटांच्या पेरांत, नखांत, तळव्याच्या रेषांत, मनगटावर एक ओघळ. नवरदेवाला हळद लावावी तशी. मागं सरून बघायची, अजून एक बोट अंगठ्याला. आबा लहान मुलासारखे उभे. मग ते तो हात थोडा अंगापासून लांब धरून ओट्यावर जायचे, ग्राहकाशी बोलायचे, आणि ग्राहक म्हणायचा, "बसा बसा पितांबरभाऊ, हात भरेल शे तुमना." पुष्पाला आधी याची गंमत वाटायची. मग एकदा तिनं पाहिलं की एक म्हातारा ठेलारी नवी चिलीम ओढून म्हणाला, "हाई पहिलीपेक्षा चांगली ओढस," आणि आबांचा मातीनं माखलेला हात मांडीवर अगदी स्थिर होता, पण दुसरा, मेलेला, सदऱ्याच्या बाहीत थरथरत होता. ज्या हातात जीव नाही तो कसा थरथरला, ते तिला कधी कळलं नाही.

आणि संध्याकाळी तो सगळा माल आईला पोचता व्हायचा. आई भाकरी थापायला बसली की आबा चुलीशी येऊन बसायचे. "आज तो ठेलारी उना व्हता. त्यानी ओढी दखी. मंग डोया मिटात. मंग म्हने…" म्हातारा काय म्हणाला, कसा म्हणाला, मान कशी हलवली, सगळं, एक अक्षर न गाळता. आई भाकरीकडे बघत ऐकायची. "मंग?" "मंग म्हने, गळा कसा जमना शे." "गळा?" "गळा." आई भाकर उलटायची. त्या वेळी तिच्या गालावर जाळाचा उजेड असायचा की दुसरा कसला, कोण सांगणार! आबा काही हातचं राखत नसत. निंदासुद्धा आणून द्यायचे. आपल्या नावानं झालेली तारीफ रोज संध्याकाळी ज्याची त्याला परत करणारा माणूस. पुष्पानं नंतर मगनबरोबर संसार केला, मगन चांगला माणूस, पण आपल्या नवऱ्यानं आपल्याला काय द्यावं असं कोणी विचारलं असतं तर तिनं त्या चुलीकडे बोट दाखवलं असतं. अर्थात कोणी विचारलं नाही.

चौऱ्याऐंशी साली तिचं लग्न झालं. मगन दीपनगरच्या वीज केंद्रात. आबांनी जावयाला एक खास चिलीम दिली, काळी, आवा धुरात कोंडून भाजलेली. मगन तंबाखू खात नाही की ओढत नाही. त्यानं ती टीव्हीवर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "सासऱ्यांनी केलीय. एका हातानं. डाव्या." पुष्पा चहा आणायला आत जायची. आबा ओट्यावर बसत राहिले, आई चाकावर. मग गेल्या उन्हाळ्यात आबा झोपेत गेले. तेराव्याला जीवरामकाकांनी गोळा झालेल्या लोकांसमोर सांगितलं, "पितांबरदादाबरोबर पारोळ्याची चिलीम गेली." आई खाली मान घालून बसली होती. सगळ्यांना वाटलं ती रडतेय.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली, नीट झाली. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आई दीपनगरला आली. मगननं पुढच्या खोलीत तिची गादी घातली आणि पुष्पाला बाजूला घेऊन म्हणाला, "आईंना आता इथंच राहू दे. तिथं एकट्या काय करणार?" पुष्पाला हे हवंच होतं. ती ते म्हणायला शब्द जुळवत होती. पण आईच्या एकेक गोष्टी तिला अडवत राहिल्या. सकाळी आई गच्चीच्या कठड्यावर बोट फिरवून यायची. केंद्राच्या चिमण्यांमधून उडणारी बारीक राख कॉलनीत सगळीकडे बसायची, कपड्यांवर, तुळशीवर, लोणच्याच्या बरण्यांवर. बायका दिवसभर तिला शिव्या देत पुसायच्या. आई ती चिमटीत घेऊन चोळायची. "किती मऊ शे वं. चाळानी गरजच नही. मातीमा घाली तर गळा तडकाव नही." आईच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, आणि ती जगातल्या सगळ्या राखेकडे चिलमीच्या बाजूनं बघत होती. पुष्पानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एका दुपारी, मगन ड्यूटीवर, मुलं शाळेत, तिच्यानं राहवलं नाही.

"माय, काब्र सांगं तू डाक्टरले?"

आईला तो 'का' कळलाच नाही. मग कळला. "त्यानी इचारं," ती म्हणाली.

"त्यानी इचारं म्हणून काय?"

"आजलगून माले कोनी इचारंच नव्हतं, पुष्पा."

बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. पुष्पा तांदूळ निवडत होती, ती निवडत राहिली. आई पुढं बोलली, तक्रारीच्या सुरात नाही, एखाद्या माणसाची खबर सांगावी तसं. आबा गेल्यावर महिनाभर तिनं खोली उघडली नाही. मग एक ठेलारी आला, चिलीम मागू लागला. तिनं आतली शिल्लक काढून दिली. मग दुसरा आला. शिल्लक संपली तेव्हा तिला सांगावंसं वाटलं की संपल्या, आणि तोंडातून निघालं, "उद्या या." तेव्हापासून ती एकटीच उठून काठीनं चाक फिरवते, बसते, चाक मंदावलं की पुन्हा उठते. लोक म्हणतात पितांबर केवढा साठा ठेवून गेला, सरतच नाही. हे सांगताना आई हसली, पट्टीखाली सुद्धा हसू पोचलं. "मन्हासमोर ओढतस. आनि माले सांगतस, काय हात व्हता पितांबरना! मी म्हनस, हा भाऊ, व्हता." मग तिचं हसू थांबलं. "तो व्हता तवय रोज संध्याकाळे माले बठ्ठं, एकूनएक सांगे. आते चिलीम बरी का वाईट, कोनी सांगत नही. डोयाले दिखत नही, मी बोटंनी करस. कशी व्हस काय माहीत."

पुष्पाला एकदम समजलं की आपल्याला राग कशाचा आला होता. आपण त्या गुपिताला जपलं, तांब्यासारखं घासून पुसून ठेवलं, आणि ते आतून आईला चावत होतं. ओट्यावर बसून जी 'या, बसा' म्हणत होती तिला वाटत होतं आपण दोघांना राखतोय. कुणापासून? आई आत होती आणि बाहेरचं कौतुक एका माणसाच्या तोंडातून, रोज थोडंथोडं, आत जात होतं. तो माणूस गेला, आणि मुलीनं वर्षभरात एकदा विचारलं नाही की आतल्या खोलीला कडी का. तिनं ताट खाली ठेवलं. "चहा टाकू?" एवढंच म्हणाली. आई म्हणाली, "टाक."

रात्री जेवताना तिनं मगनला सांगून टाकलं. मगन घास हातात धरून ऐकत राहिला. मग त्यानं टीव्हीवरच्या चिलमीकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि म्हणाला, "म्हणजे आई, आठ वर्षं मी लोकांना भलत्याचंच नाव सांगतोय?" "सांगा, सांगा," आई म्हणाली, "त्यासनं नाव तेच मन्हं." मगननं हात धुऊन आल्यावर चिलीम खाली काढली, फडक्यानं राख पुसली, आणि परत ठेवताना जरा पुढं ठेवली. आईनं इथंच रहावं हा विषय त्यानं नंतर काढला नाही. पुष्पानंही नाही.

पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. आईनं तो घालून आधी लेकीकडे पाहिलं. "तू कितली जाडी व्हयी गयी वं!" मग स्वतःच्या हातांकडे, बराच वेळ. दोघी पारोळ्याला गेल्या. एरंडोलच्या पुढं कापसाची उभी रानं, पऱ्हाट्या सुकून काळ्या पडलेल्या. आई खिडकीशी बसून मोठ्यांदा सांगत होती, ते झाड दिसतं, तो बैल दिसतो. घरी पोचल्यावर तिनं आतल्या खोलीची कडी काढली, कोनाड्यातल्या तयार चिलमी एकेक करून उजेडात आणल्या, आणि डोक्यावर हात मारून घेतला. "ह्या मी दिन्या लोकंसले? देवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन ओट्यावर आलं तेव्हा, आई म्हणाली, "चाक बाहेर काढू." पुष्पानं 'का' विचारलं नाही. चाक जड, दोघींनी ते कलतं करून, गाडीच्या चाकासारखं गडगडवत, उंबऱ्यावरून काढलं. आधी आईनं उंबऱ्याची लाकडी पट्टी काढून ठेवली होती. म्हणजे तिनं हे आधीच ठरवलं होतं. ओट्यासमोरच्या निंबाखाली आस रोवला, चाक बसवलं. वाड्यात दारं उघडली. कोणी केर काढता काढता थांबलं, कोणी दात घासता घासता. एक म्हातारी दुसरीला काही म्हणाली आणि दोघींनी पदर तोंडाला लावले. पुष्पाला ते सगळं पाठीवर जाणवत होतं, ऊन जाणवावं तसं. तिच्या गळ्यात तो जुना आवाज दाटून आला, 'या, बसा', आतल्याला सावध करणारा. पण आता आत कोणी नव्हतं. आईनं पदर खोचला, चाकाला हात लावून तो कपाळाला लावला, काठी घातली, फिरवलं आणि बसली. पहिली चिलीम उठली. दुसरी. तिसरीला जीवरामकाका त्यांच्या दारात येऊन उभे होते.

काका वाड्यातले वडीलधारे. पंचांत बसायचे. कुणाच्या लग्नात काय चुकलं, सुतकात कोण काय जेवलं, त्यांच्या शब्दावर ठरायचं. ते धोतराचा सोगा हातात धरून आले, निंबाखाली उभे राहिले. आईनं मान वर केली नाही. फक्त डोक्यावरून पदर थोडा पुढं ओढला, त्याला माती लागली. काका बघत राहिले. मग वाकले, फळीवरची एक ओली चिलीम दोन बोटांत उचलली, उजेडाकडे धरली, भोकातून पाहिलं, वळ्यांवरून अंगठा फिरवला. आता ते ती मातीत फेकतील आणि जे बोलतील ते आईला जन्मभर पुरेल.

"वहिनी," काका म्हणाले, "गळा जाड शे."

आईनं चाकावरून हात काढला. "काय?"

"गळा. जाड शे. हाई भाजाव नही नीट. आतून कच्ची राही."

"तुमना दादाबी असाच…"

"दादानं काय सांगस! दादाना हात मरी गया त्या पावसायापासून ह्या चिलमी तुन्ह्याच शेतस. भिंत एक शे आपली. एक जण फिरावस आनि दुसरं घडस, तो आवाज कुंभारले समजत नही का? दादा व्हता म्हनिसन मी बोलनू नही." त्यांनी चिलीम परत उजेडात धरली. जे बोलायचं होतं ते बोलून संपलं होतं, आणि त्यांना खरं म्हणजे त्यात रस नव्हता. "पन त्या टाईमले गळा पातळ व्हता. आते जाड शे. वरीसभरपासून दखी ऱ्हायनू मी. लोकं घेतस आनि मन्हाकडे ईसन बोंब मारतस, काका, ओढ लागत नही."

"लोकं बोंब मारतस? आनि माले नही सांगं तुम्ही?"

"तुले कसं सांगू? तू तर घडतच नव्हती ना!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. आई उठून उभी राहिली. चष्मा नाकावर घसरला होता, तो तिनं मनगटानं वर सारला, भिंगाला मातीचा फराटा उमटला. "माले दिखत नव्हतं! डोयाले जाळं व्हतं. आते दखा, ही दखा, हाई आतेनी शे," आणि तिनं चाकावरची ताजी चिलीम दोऱ्यानं कापून त्यांच्या नाकासमोर धरली. काकांनी ती घेतली. "हाईबी जाड." "हाई जाड? तुम्ही चाळीस वरीस विटा करात, तुमले चिलीमना गळा काय समजस!" "मन्हा बाप आधारबाबा व्हता!" "मंग बाप मरताच काब्र सोडी दिनी?" काका तणतणले. बाकीचा वाडा हळूहळू जवळ सरकला होता. म्हाताऱ्यांनी तोंडावरचे पदर काढले होते, कारण आता बोलायचं होतं; एकीचं म्हणणं गळा बरोबर आहे, दुसरीचं की माती सैल आहे.

पुष्पाची बस अकराची होती. मुलं शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं होतं. तिनं आत जाऊन पिशवी भरली, पाणी प्याली, ओट्यावर आली. "माय, मी निघस." आईनं ऐकलं नाही. आईचा आवाज चढला होता. असा आवाज पुष्पानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बंद दाराआडच्या इतक्या वर्षांत तिनं एक शब्द मोठ्यानं काढला नव्हता, आणि आता ती भर वाड्यात थोरल्या पंचाला सांगत होती की राख किती घालायची ते त्यानं तिला शिकवू नये. पुष्पा निंबापर्यंत आली. आईच्या पायांना हात लावावा म्हणून वाकली, तर आईनं पाय बाजूला घेतला, तिला वाटलं कोणी मध्ये कडमडतंय. पुष्पा हसली आणि तशीच निघाली. वाड्याच्या तोंडाशी एक शेळ्यावाला आत येत होता. त्यानं विचारलं, भांडण कुणाचं चाललंय? "मन्ही मायनं," पुष्पा म्हणाली. तो म्हणाला, सोडवायचं नाही का? ती नाही म्हणाली, आणि रस्त्याला लागली. वळणाच्या पलीकडेसुद्धा ऐकू येत होतं, काकांचं "जाड", आईचं "नही", आणि मध्ये चाक पुन्हा फिरायला लागल्याचा आवाज.